मद्यपी वाहनचालकांसाठी पुनर्वसन वर्ग : यश कसे मोजावे?

वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती देणग्या मिळाल्या व त्या कशा खर्च झाल्या, याचा तपशील याच अहवालात अन्यत्र दिला आहे. त्याच्या जोडीने आरोग्याशी निगडित एखाद्या विषयाची माहिती आपले देणगीदार व हितचिंतक यांना करून देण्याचा प्रघात आपल्या संस्थेने आजवर पाळला आहे. यंदाचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्याकडे चालत आला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

अहवाल वर्षात एक निवृत्त शिक्षक विश्वस्त मंडळास भेटावयास आले. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी रात्रपाळीहून परतत असताना मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली सापडला आणि आपल्याच अतिदक्षता विभागात त्याचे निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ काही रक्कम संस्थेस द्यावी व तिच्या व्याजातून, दारू पिऊन वाहन चालविणाऱ्यांसाठी समुपदेशनाचा वर्ग सुरू व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या चालकाचे पुढे काय झाले, याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले : "या वर्गामुळे रस्त्यावरचा एक तरी जीव वाचला, हे तुम्हांला कसे कळेल?"

आमच्यापैकी कोणाजवळही या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. सबब, रक्कम स्वीकारण्यापूर्वी विषयाचा अभ्यास करावा असे ठरले आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या साहाय्याने ते काम प्रशासन विभागाकडे आले. आम्हां प्रशासनातील मंडळींचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. औषधोपचाराविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हिशेब कसा मांडावा आणि कोणता हिशेब फसवा असतो, हे आम्हांस थोडेफार ठाऊक आहे. या अभ्यासात तेच ज्ञान उपयोगी पडले.

कायदा आणि माणूस

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे सर्व गुन्हेगार एकच. वैद्यकीय दृष्टीने मात्र त्यांत निदान दोन प्रकारची माणसे असतात. एक, लग्नसमारंभात किंवा मित्रमंडळींत प्यालेला व "घर जवळच आहे" असे म्हणून किल्ली हाती घेणारा. दुसरा, ज्याला व्यसनाचा आजार जडलेला आहे, ज्याचे हात सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत. पहिल्यास माहिती, धाक व थोडे मार्गदर्शन पुरेसे होऊ शकते. दुसऱ्यास दंडाची पावती दाखवून किंवा अपघाताची चित्रफीत दाखवून काही साधत नाही. त्याला उपचारच हवेत. हा भेद ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तरास शून्य ते चार गुण असतात व एकूण ४० पैकी आठ किंवा अधिक गुण आल्यास मद्यपान धोक्याच्या पातळीवर आहे असे समजून पुढील तपासणी केली जाते. कोणत्याही वर्गाचे मूल्यमापन येथूनच सुरू झाले पाहिजे. वर्गात कोण बसले आहेत, हेच ठाऊक नसेल, तर वर्गाचा उपयोग कोणास झाला व कोणास नाही, हेही कधी कळणार नाही.

अशा वर्गांचा थोडा इतिहास

मद्यपी चालकांसाठी शाळा काढण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरी १९६६ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक ठिकाणी अनुकरणीय ठरला. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील केंद्र शासनाने ३५ ठिकाणी मोठे प्रकल्प राबविले. पोलिसांची तपासणी, न्यायालय, वर्ग व उपचार यांची सांगड घालणे, हा त्यांचा उद्देश होता.

ब्रिटनमध्ये १९९३ पासून प्रायोगिक तत्त्वावर व २००० पासून कायमस्वरूपी एक योजना चालू आहे. दोषी चालकास न्यायालय अभ्यासक्रमाचा पर्याय देते. किमान १६ तासांचा हा अभ्यासक्रम चालकाने स्वतःच्या खर्चाने पूर्ण केल्यास वाहनबंदीचा काळ एक चतुर्थांशापर्यंत कमी होतो. या योजनेच्या सुरुवातीच्या पाहणीत, अभ्यासक्रम न केलेल्यांच्या तुलनेत तो केलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एवढेच लोक पुन्हा दोषी ठरल्याचे आढळले.

हा आकडा वाचून आमच्या समितीतील काही सदस्यांचे समाधान झाले व रक्कम स्वीकारण्यास हरकत नसावी, असे मत पडले. आमचे पाऊल मात्र तेथेच अडखळले.

हजेरीपट आणि ताळेबंद

हा आकडा आम्हांस का खटकला, ते एका उदाहरणाने सांगतो. पुढील संख्या केवळ समजावण्यासाठी घेतलेल्या, कल्पित आहेत.

समजा, एका वर्गात १०० चालकांची नावे नोंदली गेली. त्यांपैकी ६० जणांनी वर्ग पूर्ण केला व ४० जणांनी मध्येच सोडला. पुढील दोन वर्षांत पूर्ण करणाऱ्या ६० पैकी ६ जण, म्हणजे १० टक्के, पुन्हा पकडले गेले. सोडून गेलेल्या ४० पैकी १२ जण, म्हणजे ३० टक्के. संस्था आपल्या माहितीपत्रकात आनंदाने लिहील : "आमच्या वर्गामुळे गुन्ह्याचे प्रमाण एक तृतीयांशावर आले." दुसरी एखादी संस्था आणखी पुढे जाऊन लिहील : "आमचे यश ९० टक्के."

आता शेजारच्या शहरातील तशाच १०० चालकांकडे पाहू. तेथे वर्गच नव्हता. दोन वर्षांत त्यांतील २० जण पुन्हा पकडले गेले. पहिल्या शहरात पूर्ण करणारे ६ व सोडून गेलेले १२ मिळून १८ जण पकडले गेले होते. म्हणजे वर्गाचा खरा परिणाम २० वरून १८ एवढाच, एक दशांश घट. आणि "९० टक्के यश" म्हणावे, तर वर्गाशिवायही १०० पैकी ८० जण पुन्हा सापडले नव्हतेच.

या हिशेबात कोणी खोटे बोललेले नाही. चूक आहे ती कोणास मोजले यात. वर्ग अखेरपर्यंत पूर्ण करणारा मनुष्य बहुधा नोकरीत टिकलेला असतो, घरी कोणीतरी त्याची वाट पाहत असते, आणि बदलण्याची इच्छा त्याच्या मनात आधीच निर्माण झालेली असते. तो वर्गाविनाही कदाचित सावरला असता. सोडून जाणारा हाच बहुधा अधिक आजारी असतो. त्याचे नाव वजा केले की वर्गाचे यश आपोआप वाढते. व्यापारी भाषेत सांगायचे, तर बुडीत कर्जे वहीतून काढून टाकून नफा दाखविण्यासारखे हे आहे. ब्रिटनच्या योजनेत अभ्यासक्रम घेणे चालकाच्या इच्छेवर आणि खिशावर अवलंबून असल्याने त्या तीनपट फरकातील किती भाग अभ्यासक्रमाचा व किती भाग मूळच्या माणसांतील फरकाचा, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

न्याय्य तुलना

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे. सारख्या माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करावेत, एकास वर्गात पाठवावे, दुसऱ्यास नेहमीच्या पद्धतीने वागवावे, आणि नंतर ज्याचे नाव ज्या गटात होते, त्याच गटात त्याची गणना करावी, मग त्याने वर्ग पूर्ण केलेला असो वा नसो. नव्या औषधाची परीक्षा अशीच होते.

सर्वच अभ्यास असे काटेकोर नसतात. एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपी चालकांवरील उपायांच्या २१५ मूल्यमापनांचे एकत्रित विश्लेषण करून १९९५ साली प्रसिद्ध केले. त्यांतील चांगल्या पद्धतीने केलेल्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की, अशा कार्यक्रमांमुळे पुन्हा मद्यपान करून वाहन चालविण्याचे प्रमाण सरासरी ८ ते ९ टक्क्यांनी घटते आणि मद्यपानाशी निगडित अपघातांतही साधारण तेवढीच घट दिसते. म्हणजे वर्गाविना हजारांपैकी १०० जण पुन्हा पकडले जाणार असतील, तर वर्गामुळे ते ९१-९२ वर येतील.

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमची निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु थोडा विचार करता निराशेचे कारण नाही, असे लक्षात आले. वर्गाचा खर्च फार नसतो. एका अपघातात मेंदूला मार लागलेल्या तरुणाच्या उपचारास काय खर्च येतो, आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय होते, हे आमच्या बिलिंग विभागास व समाजसेवकांस रोज दिसते. हजारांत आठ-नऊ चुका टळल्या, तरी तो खर्च सत्कारणी लागला असे मानता येईल. अट एवढीच की, आठ-नऊ टळल्या असता आठशे-नऊशे टळल्या असे सांगू नये.

त्याच विश्लेषणातून आणखी एक गोष्ट दिसली. नुसती व्याख्याने, नुसते समुपदेशन किंवा नुसती देखरेख यांपेक्षा शिक्षण, समुपदेशन आणि वर्ग संपल्यानंतरचा नियमित संपर्क या तिन्हींचा मेळ घालणारे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले.

काय मोजायचे आणि किती काळ?

तुलना न्याय्य असली, तरी मोजपट्टी चुकीची असू शकते. वर्गाच्या अखेरीस घेतलेल्या चाचणीत गुण वाढले, यावरून ज्ञान वाढले एवढे कळते. वर्तन बदलले असे नाही. "आता सोडली" हे चालकाचे स्वतःचे सांगणे मोलाचे असले, तरी पुरावा म्हणून अपुरे आहे. पोलिसांनी पुन्हा पकडले की नाही, ही मोजपट्टी त्याहून चांगली. पण एका पकडल्या गेलेल्या फेरीमागे न पकडल्या गेलेल्या कित्येक फेऱ्या असतात. शिवाय नाकाबंदी वाढली की आकडा वाढतो, ढिली पडली की घटतो. त्यात वर्गाचा दोष नाही व श्रेयही नाही. म्हणूनच दोन्ही गट एकाच शहरातील, एकाच काळातील असावे लागतात. अपघात व इजा ही सर्वांत खरी मोजपट्टी. परंतु एकेका माणसाच्या बाबतीत ती विरळ घटना असल्याने पुष्कळ माणसे व पुष्कळ वर्षे लागतात.

काळाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. श्वासात मद्यार्क आढळल्यास इंजिन सुरूच होऊ न देणारे उपकरण काही देशांत दोषी चालकांच्या वाहनात बसवितात. उपकरण बसविलेले असेतो पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने कमी राहते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात दिसून आले. परंतु उपकरण काढून घेतल्यावर हा लाभ टिकत नाही. पहिल्या सहा महिन्यांचाच हिशेब छापला, तर ही दुसरी गोष्ट कोणास कळणारच नाही.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात २००५ साली निराळा प्रयोग सुरू झाला. मद्यपानाशी संबंधित गुन्ह्यांत सापडलेल्यांची रोज दोन वेळा श्वासतपासणी करावयाची आणि नियम मोडल्यास लगेच, परंतु थोड्याच काळाची कोठडी द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. हा प्रयोग निरनिराळ्या जिल्ह्यांत निरनिराळ्या वेळी लागू झाल्याने तुलना करणे शक्य झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जिल्हा पातळीवर मद्यपी चालकांच्या पुन्हा होणाऱ्या अटकांत १२ टक्के घट आढळली.

वाहन परवान्याविषयीचा कॅलिफोर्नियातील अनुभव तर आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. तेथे उपचार घेणाऱ्यास परवाना निलंबनातून सूट देण्याचा मार्ग अवलंबिला गेला होता. त्याच्या दीर्घकालीन मूल्यमापनात, १९९१ साली, असे दिसले की परवाना निलंबित झालेल्यांची वाहतूक सुरक्षिततेची एकूण नोंद सूट मिळालेल्यांपेक्षा चांगली होती. कारण उघड आहे. ज्याचा परवाना काढून घेतला, तो गाडी कमी चालवितो व चालविलीच तर जपून चालवितो. १९९७ च्या आणखी एका अभ्यासात उपचार आणि परवान्यावरील निर्बंध यांची जोड देणे हेच पुन्हा गुन्हा टाळण्यास सर्वांत उपयुक्त ठरल्याचे आढळले. थोडक्यात, वर्ग हा निलंबनाचा जोडीदार असावा, त्याची सुटका नसावी.

आपल्याकडे

हा मुद्दा आपल्याकडे आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ मध्ये, परवाना निलंबित झालेल्या चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे, अशी तरतूद झाली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही महाराष्ट्रास अनुभवाची वाण नाही. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. म्हणजे कायद्याची चौकट आहे, उपचारांची परंपरा आहे. उणीव जाणवते ती या दोहोंना जोडणाऱ्या व वर्षानुवर्षे टिकणाऱ्या नोंदवहीची. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, असे केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात नमूद आहे. मद्यपान हे कारण मात्र त्यांतील अत्यल्प प्रकरणांत नोंदले जाते. प्रत्येक अपघातात मद्यार्काची तपासणी होत नाही आणि जे तपासले नाही, ते नोंदीत येत नाही.

रुग्णालयास स्वतःच्या दारात काय करता येईल, याचेही एक उदाहरण आमच्या वाचनात आले. अमेरिकेतील सिएटल शहराच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात जखमी होऊन दाखल झालेल्या व मद्यपानाची समस्या असलेल्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाशी समुपदेशकाने सुमारे अर्धा तास एकदाच संवाद साधला व महिन्याने एक पत्र पाठविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या गटातील रुग्ण पुन्हा जखमी होऊन येण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. तथापि, या अंदाजातील अनिश्चितता एवढी होती की, योगायोगाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. आम्ही हे दोन्ही भाग मुद्दाम एकत्र लिहीत आहोत. नुसता ४७ चा आकडा सांगणे योग्य झाले नसते.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

या अभ्यासानंतर मंडळाने देणगी स्वीकारून वर्ग सुरू करण्याचे ठरविले असून पुढील बंधने स्वतःवर घालून घेतली आहेत.

पहिले, वर्ग पूर्ण केल्याचे कोणतेही प्रमाणपत्र परवाना लवकर परत मिळविण्यासाठी दिले जाणार नाही. दुसरे, प्रवेशापूर्वी प्रत्येकाची दहा प्रश्नांची तपासणी होईल व व्यसनाचा आजार असलेल्यास मानसोपचार विभागाकडे पाठविले जाईल. केवळ व्याख्यानांवर त्याची बोळवण होणार नाही. तिसरे, जागा मर्यादित आहेत. नावे अधिक आल्यास, संबंधितांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिला जाईल. उरलेल्यांना डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला व उपचार मिळतीलच. शिफारशीपेक्षा ही पद्धत न्याय्य आहे आणि तुलनेसाठी दुसरा गटही त्यातूनच मिळतो. चौथे, केसपेपरवरील माहिती गोपनीय राहील. पाचवे, दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आमचे समाजसेवक दोन्ही गटांतील प्रत्येकाशी संपर्क साधतील. जो सापडणार नाही, त्याची गणना "संपर्क झाला नाही" अशीच होईल. यशस्वी म्हणून होणार नाही. सहावे, वर्ग सोडून गेलेल्यांची नावे यादीतून कमी केली जाणार नाहीत.

एकट्या रुग्णालयाच्या लहानशा वर्गातून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु अन्य रुग्णालयांनी अशाच पद्धतीने नोंदी ठेवल्या, तर त्या पुढेमागे एकत्र मांडता येतील.

हे सर्व त्या शिक्षकांना कळविण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वाचलेला जीव कोणाचा, हे आपल्याला कधीच दाखविता येणार नाही. जो अपघात झालाच नाही, त्याचा केसपेपर निघत नाही, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. मात्र पाठविलेले किती, टिकलेले किती, पुन्हा जखमी होऊन आलेले किती व न पाठविलेल्यांचे काय झाले, हे दरवर्षी सांगता येईल. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या त्या गृहस्थांनी एकच दुरुस्ती सुचविली : आकडा वाईट आला, तरी तो याच अहवालात, याच आकाराच्या अक्षरांत छापावा.

मंडळाने ही सूचना ठरावात समाविष्ट केली आहे. त्यानुसार पुढील वर्षापासून या वर्गाचा हिशेब, जसा असेल तसा, आपल्यापुढे ठेवण्यात येईल. आजवर दाखविलेला विश्वास आपण असाच ठेवावा आणि हा हिशेब कठोरपणे तपासावा, अशी आपणां सर्वांस नम्र विनंती आहे.